मेंढपाळाची जोडी: झाडाखालची की सपाट पाठीची?

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या जुन्या मातीच्या मूर्ती जमवायच्या, तर मेंढपाळ-मेंढपाळीण टाळून चालत नाही. प्रश्न एवढाच, की कुठल्या काळातली जोडी घ्यायची?

राणी व्हिक्टोरिया गादीवर येण्याआधीच्या, साधारण १८२० च्या आसपासच्या मूर्तींमागे पानाफुलांचं झाड असतं. त्याला 'बोकाज' म्हणतात. पानं साच्यातून वेगळी काढून चिकटवलेली. तिथल्याच बर्स्लेम गावचा कुंभार जॉन वॉल्टन तर पाठीवर आपलं नावही उमटवायचा. काम देखणं, पण टवका न उडालेलं झाड मिळणं कठीण. आणि नंतरची डागडुजी रंगाखाली बेमालूम लपते.

१८४० नंतर साध्या घरांतही शेकोटीवरच्या फळीसाठी शोभेची वस्तू हवी झाली. फळीवर पाठ बघतो कोण? म्हणून मागची बाजू सपाट, बहुधा कोरी. पुढून मात्र गर्द निळा कोट, लालसर गाल, पायाशी मेंढी. काहींच्या मागे झाडाचा पोकळ बुंधा असतो. चूल-मेणबत्ती पेटवायच्या कागदी सुरळ्या त्यात ठेवायच्या. मला हीच जोडी आवडते. नाकीडोळी ओबडधोबड असली, तरी रोजच्या घरात वावरलेली वाटते.

फक्त नकलांपासून सांभाळा. जुने साचे विसाव्या शतकातही वापरात होते. मूर्ती हातात घेऊन उलटी करा. वजनाला हलकी, बुडाला मोठं भोक आणि सोनेरी रेघ झगझगीत असेल, तर विक्रेता काहीही सांगो, जुन्याचा भाव देऊ नका.