पुरुषोत्तम करंडक: प्रेक्षकाच्या खुर्चीतून

तरुणांच्या कौतुकासाठी आपल्याकडे युवा दिनापासून युवा महोत्सवापर्यंत पुष्कळ कार्यक्रम होतात आणि त्यांतल्या बहुतेकांत तरुण समोर रांगेने बसलेले असतात, बोलतात मात्र वडीलधारे. पुण्याची पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा मला इतकी महत्त्वाची वाटते, कारण तिथे ही मांडणी उलटी असते. मंचावर, विंगेत, प्रकाशाच्या टेबलापाशी आणि बहुतांश खुर्च्यांवरही महाविद्यालयीन मुले-मुली असतात, आणि वडीलधाऱ्यांनी तिकीट काढून गप्प बसून पाहायचे असते. नाटकाचा नियमित प्रेक्षक म्हणून या स्पर्धेबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते; विशेषतः जे कधीच गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी.

महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने अप्पासाहेब उर्फ पुरुषोत्तम वझे यांच्या स्मरणार्थ १९६३ मध्ये ही स्पर्धा सुरू केली. भरत नाट्य मंदिरात साधारणपणे ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी सुरू होते, एका सत्रात तीन एकांकिका होतात, आणि त्यातून निवडलेले नऊ संघ अंतिम फेरीत जातात. पहिल्या क्रमांकाला पुरुषोत्तम करंडक मिळतो; त्याखेरीज हरी विनायक करंडक, संजीव करंडक आणि प्रायोगिक एकांकिकेसाठीचा जयराम हर्डीकर करंडक यांचीही मुलांमध्ये तितकीच चर्चा असते. पुढे स्पर्धेची केंद्रे पुण्याबाहेरही गेली आणि सर्व केंद्रांतल्या निवडक संघांची महाकरंडकाची फेरी सुरू झाली, पण मी इथे पुण्याच्या केंद्राबद्दलच लिहीत आहे. ज्या वास्तूत हे सगळे घडते, त्या संस्थेचे मूळ १८९४ च्या ‘स्टुडंट्स सोशल क्लब’मध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांनीच नाटकासाठी काढलेल्या मंडळात आहे, हेही सांगायला हवे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला धक्का बसतो तो आवाजाचा. पडदा उघडण्यापूर्वी ‘आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी एका कोपऱ्यातून उठते, तिला दुसऱ्या कोपऱ्यातून आपल्या महाविद्यालयाच्या नावाने उत्तर येते, टाळ्या-शिट्ट्यांनी सभागृह दणाणून जाते आणि शेजारी बसलेले ज्येष्ठ नागरिक कपाळाला आठ्या घालतात. आजच्या मुलांना शिस्त नाही, धीर नाही, दहा मिनिटे एका जागी बसवत नाही, हे आपण घरीदारी ऐकतोच, आणि त्या क्षणी ते खरेही वाटू लागते. मग तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात आणि तीच मुले पुढचा तास प्रतिस्पर्धी महाविद्यालयाची एकांकिका जागचे न हलता पाहतात. चांगल्या वाक्याला विरोधी गटातून दाद आलेली मी अनेकदा ऐकली आहे. व्यावसायिक नाटकाच्या प्रयोगात मोबाइल वाजतो तसा तो इथे क्वचितच वाजतो, आणि वाजलाच तर तो बहुधा माझ्या वयाच्या प्रेक्षकाचा असतो.

मात्र या स्पर्धेचे खरे मोल ज्याला जोखायचे आहे, त्याने दोन एकांकिकांच्या मधल्या वेळात बाहेर चहाला जाऊ नये. आधीच्या संघाला आपले नेपथ्य उतरवून मंच रिकामा करून द्यायचा असतो आणि पुढच्या संघाला मोजक्या मिनिटांत आपले उभे करायचे असते. लेव्हल, म्हणजे मंचावरचे लाकडी चौथरे, उचलणारी चार मुले, मापाची दोरी धरून मधला बिंदू शोधणारा एक जण, अंधारात नटाला आपली जागा सापडावी म्हणून फळ्यांवर रेडियमचे बारीक तुकडे चिकटवत गुडघ्यांवर सरकणारी मुलगी, प्रकाशाच्या टेबलापाशी दोनशे पानी वही उघडून प्रत्येक संकेतावरून बोट फिरवणारा मुलगा, हे सगळे जण आरडाओरडा न करता, एकमेकांना पाठ झालेल्या क्रमाने काम करत असतात. ही मुले दिवसा वर्गात, प्रयोगशाळेत किंवा कार्यशाळेत असतात आणि संध्याकाळनंतर उशिरापर्यंत तालमी करतात. यांतल्या बहुतेकांचे नाव पारितोषिकांच्या यादीत कधीच येणार नसते, आणि तरीही तो रेडियमचा तुकडा वीतभर इकडे-तिकडे झालेला त्यांना चालत नाही. तरुणांच्या बेजबाबदारपणाबद्दल ठाम मत असलेल्या प्रत्येकाने ही काही मिनिटे पाहावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विद्याशाखांविषयीचे आपले ठोकताळेही इथे टिकत नाहीत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, वाणिज्य आणि विधी महाविद्यालयांचे संघ या स्पर्धेत सुरुवातीपासून जोरात आहेत. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे यांनी केलेली नाटके हा आता मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा भाग झाला आहे, तर बीएमसीसीसारख्या वाणिज्य महाविद्यालयातून आलेल्या निपुण धर्माधिकारी, अमेय वाघ आणि त्यांच्या मित्रांनी २००८ मध्ये ‘नाटक कंपनी’ ही स्वतःची संस्था काढली. ‘शिकायचे सोडून नाटके कसली करता’ हे वाक्य या शहरातल्या पिढ्यान् पिढ्यांनी ऐकले आहे. त्या वाक्याला मुलांनी वाद न घालता काम करून उत्तर दिले आहे, असे मला वाटते. अर्थात, मोठी नावे घडवणारा कारखाना म्हणून या स्पर्धेकडे पाहणे मला पटत नाही. पुढे बँकेत, रुग्णालयात किंवा शेतात काम करणाऱ्या आणि नाटकाकडे परत न फिरकणाऱ्या शेकडो जणांना एकत्र काम करण्याची जी सवय इथे लागते, ती मोजायला कुठलेही पारितोषिक पुरे पडणार नाही.

प्राथमिक फेरीत पाहिलेली एक एकांकिका माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. नेपथ्य म्हणजे चार खुर्च्या, एक लांब बाक आणि भिंतीवरचे बंद घड्याळ. जागा होती स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, जशा भरत नाट्यच्या आसपासच्या गल्ल्यांत पावलोपावली आहेत. परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी मोबाइलवर येते आणि चौघांपैकी एक मुलगी गावी वडिलांना फोन लावते. ती परीक्षेबद्दल एक अक्षर बोलत नाही. सोयाबीनला भाव काय मिळाला, गाय व्याली का, आईचा गुडघा कसा आहे, एवढेच विचारते, आणि शेवटी ‘पैशाचं बघू नका, माझ्याकडं हायेत’ असे म्हणून फोन ठेवते. बाकीचे तिघे पुस्तकांतून मान वर काढत नाहीत. कुठेही पार्श्वसंगीत नव्हते, कुणी रडले नाही. पेठेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही मुले म्हणजे चहाच्या टपरीवरची गर्दी आणि लावलेल्या दुचाक्यांचा त्रास म्हणून ठाऊक असतात. त्या पाच मिनिटांनंतर तसे म्हणणे मला तरी जड जाते. ती एकांकिका अंतिम फेरीत पोहोचली नाही. बाकीच्या भागात ती विस्कळीत होती, त्यामुळे निकालाबद्दल माझी तक्रार नाही, पण एवढ्यासाठीच माझा आग्रह असतो की केवळ अंतिम फेरी पाहून समाधान मानू नये. अंतिम फेरीत घोटीव काम दिसते. नवे काही सापडते ते मात्र प्राथमिक फेरीत, आणि तेही अडखळत, कच्च्या रूपात.

आता उणिवांकडे येतो, आणि त्या मी संयोजनापेक्षा सादरीकरणात अधिक पाहतो. तरुणांबद्दलचे समज खोटे ठरवणाऱ्या याच मंचावर इतरांबद्दलचे समज मात्र सर्रास वापरले जातात. हशा हवा असला की ग्रामीण बोली बोलणारे पात्र आणायचे, आई दाखवायची तर ती पदराने डोळे पुसणारीच, वडील म्हणजे खेकसणारे, आणि तृतीयपंथी पात्र म्हणजे टाळी वाजवत केलेली एक एंट्री. वर सांगितलेल्या एकांकिकेतल्या मुलीची बोली तिच्या दुःखाची आणि स्वाभिमानाची भाषा होती, म्हणून ती प्रेक्षकांच्या मनाला भिडली. तीच बोली दुसऱ्या संघाने केवळ विनोदासाठी वापरली तेव्हा टाळ्या जास्त पडल्या, हे मला खटकले. दुसरी गोष्ट विषयांची. आत्महत्या, युद्ध, दंगल, बलात्कार यांपैकी काहीतरी हाताळल्याशिवाय एकांकिका वजनदार होत नाही, असा एक समज संघांमध्ये पसरलेला दिसतो. मग चाळीस मिनिटे जपलेला सूर शेवटच्या ब्लॅकआउटआधी एका घोषणावजा वाक्यासाठी मोडला जातो. ज्या मुलांना इतके बारकाईने पाहता येते, त्यांनी स्वतःच्या निरीक्षणावर अधिक भरवसा ठेवावा.

चांगला बदलही सांगायला हवा. दिग्दर्शन, प्रकाशयोजना आणि रंगमंच व्यवस्था या कामांत मुली आता सहजपणे दिसतात. विंगेतून सूचना देणारी मुलगी आणि त्याबरहुकूम हलणारे मुलगे, यात कुणालाच काही विशेष वाटत नाही, हे मला फार समाधानाचे वाटते. लेखनात तेवढे घडताना अजून दिसत नाही, आणि त्यामुळेच कदाचित स्त्रीपात्रे आई, प्रेयसी आणि पीडिता यांच्या पलीकडे कमी जातात.

या स्पर्धेच्या कठोरपणाबद्दल दोन मते आहेत. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका त्या दर्जाची नसल्याचे सांगून पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही, तेव्हा नाट्यवर्तुळात बराच वाद झाला. मुलांचा हिरमोड झाला, महिन्याभराच्या कष्टांचा अपमान झाला, असे अनेकांचे म्हणणे होते, आणि त्या मुलांच्या जागी स्वतःला ठेवले की ते म्हणणे समजते. तरीही मी त्या निर्णयाकडे आदराने पाहतो. ‘लहान आहेत, घेऊ सांभाळून’ या भूमिकेतून दिलेले बक्षीस तरुणांना कायम लहानच ठेवते, तर तुमचे काम या मोजपट्टीला उतरत नाही असे स्पष्ट सांगणे म्हणजे त्यांना बरोबरीचे कलावंत मानणे. यापुढे जाऊन मला एवढेच सुचवावेसे वाटते की अशा कठोर निकालासोबत प्रत्येक संघाच्या हाती परीक्षकांचे लेखी विवेचन पडावे. भाषणातली दोन वाक्ये हवेत विरतात, लिहिलेले पान तालमीच्या खोलीत पुढची काही वर्षे उपयोगी पडते.

इतर स्पर्धांशी तुलना नेहमीच होते. पुण्यातल्याच फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चित्र, शिल्प, नृत्य, वादन असे सगळे नाट्यात गुंफावे लागते, त्यामुळे तिथे डोळे दिपतात. चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री मुंबईत रंगते आणि वेगवेगळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे येत असल्याने सगळे काम पक्व असते. पुरुषोत्तममध्ये लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांनाच मान असतो, नेपथ्याच्या थाटमाटाने फारसे काही साधत नाही, आणि म्हणून कमी पैशांत येणाऱ्या संघालाही इथे न्याय मिळण्याची शक्यता अधिक असते.

जाणार असाल तर काही व्यावहारिक गोष्टी. अंतिम फेरीच्या तिकिटांना मोठी मागणी असते, तेव्हा ती आधीच काढून ठेवावीत. प्राथमिक फेरीला तुलनेने निवांत जागा मिळते. सदाशिव पेठेत चारचाकी लावायला जागा शोधण्यापेक्षा मंडई मेट्रो स्थानकावरून पायी येणे सोयीचे. वेळेआधी पोहोचावे आणि शक्यतो मधल्या रांगांत बसावे, कारण पहिल्या काही रांगांत आरोळ्यांचा जोर फार असतो. आणखी एक विनंती आहे. आपल्या भाच्याची किंवा पुतणीची एकांकिका झाली की कुटुंबेच्या कुटुंबे उठून निघून जातात आणि सत्रातल्या तिसऱ्या संघासमोर अर्ध्याअधिक खुर्च्या रिकाम्या असतात. त्या संघात कदाचित पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलेले, आरोळी द्यायला माजी विद्यार्थीही नसलेले एखादे महाविद्यालय असेल. तीन एकांकिकांचे तिकीट काढले आहे, तर तिसरीही पाहूनच निघावे.