‘झापोटेक भारतीय’: वाक्यं पुरवणाऱ्या ॲपची झडती

शब्द टाका, वाक्यं घ्या, असं एक फुकट ॲप सध्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डीटीपीवाल्यांकडं आणि शहरातल्या अभ्यासिकांत चालतंय. एका इंग्रजी शब्दाला 20 वाक्यं, प्रत्येकाखाली मराठी. रोजच्या शब्दांवर गाडी बरी चालते. खरं पाणी आडनिड्या नावावर कळतं, म्हणून मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्या झापोटेक या मूळ रहिवाशांचं नाव देऊन बघितलं.

इंग्रजी वाक्यांच्या व्याकरणात खोट नाही. हे नाव लोकांचंही, भाषेचंही आणि विशेषणही. आपल्या ‘कोल्हापुरी’सारखंच: कोल्हापुरी बोलला, कोल्हापुरी करकरली, कोल्हापुरी साज. पुढचा शब्द बघितल्याशिवाय माणूस की चप्पल ते ठरत नाही, आणि मराठी करताना ॲप तेच बघत नाही. ‘तिने आजीकडून झापोटेक शिकला’ हे त्याचं वाक्य. झापोटेक इथं भाषा आहे, आणि ‘शिकणे’ला ‘तिने’ही चालत नाही: ‘ती आजीकडून झापोटेक शिकली’ हवं.

सगळ्यात जड चूक ‘झापोटेक भारतीय’ ही. तिथल्या मूळ लोकांना इंग्रजीत ‘इंडियन’ म्हणायची जुनी खोड, ॲपनं त्याचं सरळ भारतीय केलं. बेनितो हुआरेस 1806 मध्ये ग्वेलाताओ गावातल्या झापोटेक घरात जन्मले, 1858 ते 1872 मेक्सिकोचे अध्यक्ष होते. इथं ते ‘भारतीय वंशाचे अध्यक्ष’ होऊन बसलेत! स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये एकदा हे शिरलं की निघत नाही.

दुसरी खोड भूतकाळाची. 20 पैकी 14 वाक्यांत झापोटेक ‘होते’. मोंते आल्बान हे त्यांचं डोंगरावरचं शहर इसवी सनापूर्वी 500 च्या सुमारास वसलं, तिथं ‘होते’ चालेल. पण झापोटेक बोलणारे आजही चार लाखांच्या वर आहेत, आणि ती एक भाषा नाही. एकमेकींना न कळणाऱ्या कितीतरी आहेत. ‘भाषा’चं अनेकवचन दिसत नाही, म्हणून क्रियापदानं सांभाळायचं: ‘झापोटेक भाषा बोलल्या जातात’.

प्रत्ययांचा तर खेळखंडोबा. माणसांसाठी ‘इंग्रज’चा साचा धरा: झापोटेकाने, झापोटेकांचा. भाषेसाठी सामान्यरूप नको: झापोटेकमध्ये. ॲप दोन्ही साचे एकाच वाक्यात वापरतं.

व्युत्पत्तीचा कप्पा मात्र रिकामाच. हे नाव शेजारच्या नाहुआत्ल भाषिकांनी दिलेलं, ‘सापोते फळाच्या ठिकाणचे लोक’ अशा अर्थाचं. आपल्या चिकूचं शास्त्रीय नाव मॅनिलकारा झापोटा, म्हणजे फळ ओळखीचंच. नाहुआत्ल ही मेक्सिकोतल्याच ॲझ्टेक लोकांचीही भाषा. बहुधा त्यावरूनच घोळ होऊन समानार्थी शब्दांत ‘ॲझ्टेक’ पडलंय. ते घेऊ नका, लोक वेगळे.

गुण: इंग्रजीला 5 पैकी साडेतीन, मराठीला दीड.

वापरायचंच असेल तर इंग्रजी वाक्य घ्या, मराठी स्वतः करा. ॲपचंच मराठी उचललंत तर झापोटेक, झॅपोटेक, सापोतेक अशी तीन रूपं येतात. सापोतेक स्पॅनिश उच्चाराजवळचं, पण कुठलंही एक ठरवा. मजकूर युनिकोडमध्ये असतानाच शोधून बदला, प्रत्यय लागलेली रूपंही सापडतात. श्रीलिपीत, म्हणजे डीटीपीच्या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटांत, गेल्यावर तोच शोध लागत नाही, आणि ‘झॅ’वरचा चंद्र प्रुफात डोळ्यांनी तपासावा लागतो.