ऑल-इन-वनची हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, १० महिन्यांनंतरचा अनुभव

माझं काम लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, हँडबिलं, कधीमधी एखाद्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल. कराडला घरातच डीटीपी करते. २०१८ साली घेतलेला ऑल-इन-वन आहे, २४ इंची स्क्रीन आणि तिच्याच पाठीत सगळा कॉम्प्युटर, सातव्या जनरेशनचा आय३, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आत ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या फिरणारी) लॅपटॉपवाली डिस्क असली की कुठलंही मशीन उशिरा का होईना असंच मंदावतं.

गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची रांग लागली आणि नेमकं मशीन बसायला लागलं. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून प्रूफ बघायला बसलेलं आणि पेजमेकर, म्हणजे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, काही उघडत नाही, माउसचा गोल नुसता फिरतोय. टास्क मॅनेजर उघडला की सीपीयू १० टक्के, रॅम अर्धी रिकामी आणि डिस्क मात्र कायम १०० टक्के लाल. बटण दाबल्यापासून पेजमेकर हातात येईपर्यंत घड्याळ लावून बघितलं, ६ मिनिटं ४० सेकंद. एका दुकानात विचारलं तर मशीन जुनं झालं, एक्सचेंज करून नवीन घ्या म्हणाले, पाठ उघडून बघायलाही कोणी तयार नाही. मला ते पटेना, कारण सुरू झाल्यावर तेच मशीन तासन्‌तास नीट काम करायचं, अडायचं ते फक्त काही उघडताना नाहीतर सेव्ह करताना.

भाचा पुण्याला असतो, त्यानं फोनवरून क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर मशीनमध्ये टाकायला सांगितलं. फुकट आहे, मिनिटभरात कळतं. माझ्याकडे पिवळ्या रंगात कॉशन, म्हणजे सावधान, आलं, खाली पेंडिंग सेक्टर दाखवत होतं, म्हणजे डिस्कवरचे काही तुकडे वाचताच येत नाहीत आणि डिस्कनं ते बाजूला नोंदवून ठेवलेत. तो म्हणाला, "मावशी, चेकडिस्क वगैरे डिस्कदुरुस्तीचं काही चालवू नकोस आत्ता, आधी तुझ्या फाइली बाहेर काढ." हे मी सगळ्यांना कळकळीनं सांगेन. डिस्क आजारी असेल तर दुरुस्तीच्या नावाखाली तिला रात्रभर पळवायचं नाही, आधी जे महत्त्वाचं ते कॉपी करून घ्यायचं. माझ्या १२ वर्षांच्या पत्रिका होत्या त्यात. बाहेरून जोडायच्या एक्स्टर्नल डिस्कवर आधी सगळा डी ड्राइव्ह घेतला, मग बाकीचं.

जुनी डिस्क हळू का असते ते मला वडिलांच्या कामावरून समजलं. ते प्रेसमध्ये कंपोझिटर होते, खिळ्यांची केस समोर, एक शब्द जुळवायचा तर हात दहा घरांत फिरायचा. ५४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या, एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद, आणि विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइली मागतो, प्रत्येकीसाठी डिस्क वाचणाऱ्या हेडला आधी तिथवर जायचं आणि मग तो भाग फिरून खाली यायची वाट बघायची. एसएसडी म्हणजे चिपांची डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, सगळी घरं सारख्याच अंतरावर. सिनेमाची एक मोठी फाइल कॉपी करताना फरक पाच-सहा पटींचा वाटेल, पण बारीक फाइलींत तो कितीतरी जास्त असतो, आणि आपलं रोजचं काम बारीक फाइलींचंच असतं.

मी ४८० जीबीची साधी २.५ इंची साटा एसएसडी घेतली, साडेतीन हजाराच्या आत, आणि यूएसबीला जोडायची केबल वेगळी. विंडोज नवीन टाकला तर बरं असं सगळे सांगतात, पण माझे जुने फॉन्ट आणि त्यांचा कीबोर्ड ज्या सीडीवरून टाकलेला ती सीडी आता नाही, म्हणून क्लोन करणं, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नवीवर घेणं, भाग होतं. पहिल्यांदा मी फक्त सी ड्राइव्ह क्लोन केला, पाच तास गेले, आणि एसएसडी बसवून चालू केलं तर बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून काळी स्क्रीन. पोटात गोळाच आला. नंतर कळलं की सुरुवातीला शे-दोनशे एमबीचं एक ईएफआय पार्टिशन असतं, मशीन चालू व्हायची सोय तिथं असते, ते मागेच राहिलं होतं. पाठ परत उघडली, जुनी डिस्क परत जोडली आणि दुसऱ्यांदा पूर्ण डिस्क क्लोन केली. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. विंडोजच्या लायसन्सची काळजी नको, ते मदरबोर्डला बांधलेलं असतं, डिस्क बदलली तरी जात नाही.

आता उघडण्याचं. प्लग काढून पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरलं, टेबलावर गोधडी दुहेरी घालून स्क्रीन पालथी ठेवली. स्टँडच्या झाकणाखाली स्क्रू होते, ते निघाले, पण बाकी सगळं पाठीचं पॅनल नुसत्या क्लिपांवर बसलेलं. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून सरकवत जायचं, प्रत्येक क्लिप सुटताना असा कडाक् आवाज येतो की आपण काहीतरी मोडलं असंच वाटतं. एचडीएमआयच्या कोपऱ्यातली एक खरंच मोडली, तिथं फट राहिलीय. पॅनल सुटलं की एकदम ओढू नका, माझ्यात त्याला स्पीकरची बारीक वायर होती. आत फॅनजवळ धुळीचा थर इतका जाड की चिमटीत धरून उचलता आला. डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत रबराच्या बुशांवर बसवलेली असते, चार स्क्रू काढून तीच चौकट नव्या एसएसडीला लावायची, बुश विसरायचे नाहीत.

आज १० महिने झाले. बटण ते पेजमेकर ४१ सेकंद. पत्रिकेचा फोटो बदलून पुन्हा सेव्ह करायला गिऱ्हाईक चहाचा घोट घेईपर्यंत होतं. एसएसडीवर १२० टीबीडब्ल्यूची हमी आहे, म्हणजे १२० टेराबाइट लिहीपर्यंत, आणि माझं आत्तापर्यंत साडेतीन टेराबाइट लिहून झालंय, हेल्थ ९७ दाखवते. या हिशेबानं मशीन आधी जाईल. लाईट जायची तशीच जाते, यूपीएस पूर्वीही होता आताही आहे.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. एसएसडीवरून चुकून डिलीट झालेलं परत मिळणं जवळजवळ अशक्य, ट्रिम नावाची सोय चालू असल्यामुळे ती जागा आतून साफ होते, म्हणून दर शनिवारी एक्स्टर्नलवर बॅकअप घेते, न चुकता. आणि जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपला वापरू नका, तिच्यावर भरवसा नव्हता म्हणूनच तर काढली. दुसरं, सातव्या जनरेशनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि माझ्याकडच्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एक वर्षाच्या जादा सिक्युरिटी अपडेटसाठी नाव नोंदवलंय, ऑक्टोबर २०२६ पर्यंत निभेल.

मोठ्या फ्लेक्सची फाइल उघडली की अजूनही अडखळतं, तिथं एसएसडी काही करू शकत नाही, रॅमच कमी पडते. पाठ उघडली होती तेव्हा एक स्लॉट रिकामा दिसला होता, त्यात आणखी ८ जीबी टाकायची ठरवलीय, तुळशीच्या लग्नाआधी. या वेळी एटीएम कार्ड खालच्या कडेनं घालणार, एचडीएमआयच्या कोपऱ्याकडून नाही.