बीटा कार्बनचा नकाशा की अणू-अणूंमधलं अंतर? प्रथिनातले संपर्क काढण्याआधी ठरवायची गोष्ट

सिकल सेल हिमोग्लोबिनची रचना कायमेराएक्स या रेणू बघण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहातला तिचा क्रमांक २एचबीएस. बीटा साखळीत सहाव्या जागेवर जा. निरोगी माणसात तिथे ग्लुटामेट हे अमिनो आम्ल असतं, इथे व्हॅलिन आहे. आता शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूकडे बघा. त्याच्या बीटा साखळीत ८५ क्रमांकाचं फेनिलअ‍ॅलनिन आणि ८८ क्रमांकाचं ल्युसिन मिळून एक तेलकट खळगा तयार होतो, आणि व्हॅलिनची बाजूसाखळी (अमिनो आम्लाचा कण्यातून बाहेर आलेला भाग) त्यात जाऊन बसलेली दिसते. एका रेणूत दोन बीटा साखळ्या, म्हणून अशी दोन व्हॅलिन असतात, त्यांतलं एकच असं अडकतं. पण तेवढ्यावर ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे लांब धागे बनतात आणि लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दवाखान्यात या आजाराचे रुग्ण रोज येतात. त्यांच्या दुखण्याच्या मुळाशी असलेला हा संपर्क आपल्याला पडद्यावर बघता येतो.

एमएस्सी किंवा पीएचडीचं काम सुरू करणारे मला विचारतात, संपर्क काढायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? मी आधी उलट विचारतो, की संपर्क म्हणजे काय, हे ठरवलं का? सॉफ्टवेअर त्यानंतर निवडायचं.

ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. पहिल्यात प्रत्येक रेसिड्यूचा (साखळीतल्या एकेका अमिनो आम्लाचा) एकच बिंदू धरायचा, कण्यातला अल्फा कार्बन किंवा बाजूसाखळीतला पहिला, म्हणजे बीटा कार्बन. (बीटा कार्बन आणि हिमोग्लोबिनची बीटा साखळी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.) दोन बिंदू ८ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आत आले की संपर्क झाला. अशा सगळ्या जोड्यांचा तक्ता म्हणजे संपर्कांचा नकाशा. रचनेचं भाकीत तपासणाऱ्या कॅस्प स्पर्धेत हीच व्याख्या रूढ आहे: बीटा कार्बनमधलं अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी. ग्लायसिनला बीटा कार्बन नसतो, म्हणून त्याचा अल्फा घ्यायचा. दुसऱ्या रस्त्यात हायड्रोजन सोडून सगळे अणू मोजायचे आणि दोन रेसिड्यूंचे कोणतेही दोन अणू ४.५ किंवा ५ अँगस्ट्रॉमच्या आत असले तर संपर्क म्हणायचं. हायड्रोजन सोडायचे, कारण क्ष-किरण रचनांमध्ये ते सहसा दिसतच नाहीत.

आता सिकल सेलचं उदाहरण पहिल्या रस्त्याने तपासा. ग्लुटामेटला बीटा कार्बन आहे, व्हॅलिनलाही आहे. बीटाच्या पुढे काय लागलंय याची या नकाशाला खबरच नसते. ऋण प्रभार असलेली लांब बाजूसाखळी जाऊन तिथे आखूड, पाण्यापासून दूर राहणारी बाजूसाखळी आली, ही आजाराची सगळी गोष्ट त्याच्या नजरेतून निसटते. म्हणून तुमचा प्रश्न "या म्युटेशनने नेमकं काय बिघडलं" असा असेल, तर बीटा कार्बनचा नकाशा त्याचं उत्तर देऊ शकत नाही. अशा कामात मी तो वापरू देत नाही, कितीही सुबक दिसला तरी.

सॉल्ट ब्रिजचीही, म्हणजे विरुद्ध प्रभारांच्या बाजूसाखळ्यांच्या जोडीचीही, तीच गत. आर्जिनिन आणि ग्लुटामेट यांच्या बाजूसाखळ्या लांब असतात. टोकाचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन ४ अँगस्ट्रॉमच्या आत असतानाही दोघांचे अल्फा कार्बन १० अँगस्ट्रॉमहून दूर असू शकतात. ८ चा कटऑफ (अंतराची मर्यादा) लावला की सगळ्यात महत्त्वाची जोडीच यादीतून गळते.

मग पहिला रस्ता टाकाऊ का? मुळीच नाही. घडी कशी पडली आहे, कोणता भाग कोणाजवळ आला, शेकडो रचनांमध्ये काय समान आहे, अशा प्रश्नांना तोच बरा. अणूंची बारीक हालचाल त्याला फारशी डळमळवत नाही. ३.५ अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनच्या क्रायो-इएम (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या) रचनेत बाजूसाखळ्या नीट दिसत नाहीत, आणि ग्लुटामेट-अ‍ॅस्पार्टेटच्या तर घनता-नकाशात बरेचदा गायबच असतात. तिथे ४.५ अँगस्ट्रॉमवर सॉल्ट ब्रिज मोजत बसणं म्हणजे जे दिसलंच नाही ते मोजणं. अल्फाफोल्ड या रचनेचं भाकीत करणाऱ्या एआयच्या मॉडेलमध्येही पीएलडीडीटी (प्रत्येक रेसिड्यूबद्दलच्या खात्रीचा आकडा) ९० च्या वर असेल तरच बाजूसाखळ्यांवर भिस्त ठेवा. दोन डोमेनमधल्या (प्रथिनाच्या स्वतंत्र घडीच्या भागांमधल्या) संपर्काबद्दल बोलायचं असेल तर पीएइचा, म्हणजे त्यांच्या परस्पर जागेतल्या अंदाजे चुकीचा, आलेख आधी उघडा. आणि एक अमिनो आम्ल बदलून अल्फाफोल्डला परिणाम विचारू नका, ते काम त्याचं नाही.

पहिला रस्ता घेतलात तर क्रमातले शेजारी वगळायला विसरू नका. लागोपाठच्या अल्फा कार्बनमध्ये ३.८ अँगस्ट्रॉम अंतर असतं, अल्फा हेलिक्समध्ये (साखळीच्या मळसूत्री वळणात) चार जागा पुढचा रेसिड्यूही साधारण ६ वर येतो. हे सगळं मोजलंत तर नकाशाभर कर्णाजवळचा जाड पट्टाच दिसेल. कॅस्पमध्ये क्रमात २४ किंवा जास्त जागांचं अंतर असेल तरच संपर्क लांब पल्ल्याचा मानतात.

दुसऱ्या रस्त्यावर पुढचा प्रश्न उरतोच: संपर्क आहे एवढं पुरे, की तो कोणत्या जातीचा हेही हवं? हिमोग्लोबिनमध्येच बघा. ऑक्सिजन नसताना अल्फा साखळीतलं टायरोसिन ४२ समोरच्या बीटा साखळीतल्या अ‍ॅस्पार्टेट ९९ शी हायड्रोजन बंध करतं. ऑक्सिजन बसला की दोन्ही अर्धे एकमेकांवर सरकतात, तो बंध तुटतो आणि अल्फातलं अ‍ॅस्पार्टेट ९४ बीटातल्या अ‍ॅस्पॅराजिन १०२ शी जुळतं. ही अदलाबदल दाखवायची तर बंधांची जात लागतेच. उलट सिकल सेलच्या संपर्कात व्हॅलिन आणि त्या खळग्यामध्ये हायड्रोजन बंध नाही की प्रभार नाही, दोन तेलकट पृष्ठभाग फक्त चिकटले आहेत. केवळ हायड्रोजन बंधांची यादी काढणाऱ्याच्या हाती इथे काहीच लागणार नाही.

साधनांचं थोडक्यात. एकच रचना डोळ्यांनी बघायची असेल तर कायमेराएक्स घ्या, शैक्षणिक वापराला फुकट आहे. त्याची संपर्काची आज्ञा सरधोपट अंतर मोजत नाही, अणूंच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्या (म्हणजे अणूंचा आकार) धरून हिशेब करते, आणि मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं. पायमॉल या तशाच सॉफ्टवेअरमध्ये चित्रं फार सुंदर येतात, पण ठिपक्यांची रेष काढली म्हणजे बंध सिद्ध झाला असं नाही. दोन साखळ्यांमधली तयार यादी हवी तर पीडीबीसम ही वेबसाइट. रेसिड्यूंचं जाळं बंधांच्या जातीसकट हवं तर पादुआ विद्यापीठाचं रिंग. कटऑफच नको असेल तर विल्नियसचं व्होरोनोटा. ते जागेची वाटणी करून दोघांमधल्या स्पर्शाचं क्षेत्रफळ देतं, त्यामुळे ४.४ आत आणि ४.६ बाहेर असला अन्याय होत नाही. मात्र हे परीक्षकांना समजावून सांगायची तयारी ठेवा.

रेणूच्या हालचालीच्या सिम्युलेशनच्या हजारो फ्रेम असतील तर पायथनशिवाय गत्यंतर नाही. त्यातल्या दोन लायब्ररी बघा: एमडीअ‍ॅनालिसिस अँगस्ट्रॉममध्ये मोजतं, एमडीट्रॅज नॅनोमीटरमध्ये. एकातून दुसऱ्यात जाताना मी ४.५ हा आकडा तसाच ठेवला होता, म्हणजे प्रत्यक्षात ४५ अँगस्ट्रॉम. प्रत्येक रेसिड्यू जवळपास सगळ्यांना चिकटलेला दिसला आणि चूक सापडेपर्यंत दोन दिवस गेले. तेव्हापासून मी आधी लागोपाठच्या अल्फा कार्बनचं अंतर छापून बघतो. ३.८ आलं तर अँगस्ट्रॉम, ०.३८ आलं तर नॅनोमीटर.

रस्ता कोणताही घ्या, फाइलमध्ये पूर्ण रेणू आहे का हे आधी बघा. ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनच्या २एचएचबी फाइलमध्ये चारही साखळ्या आहेत. ऑक्सिजनयुक्त १एचएचओमध्ये मात्र फक्त एक अल्फा आणि एक बीटा आहे, बाकीचा अर्धा भाग स्फटिकाच्या सममितीतून उभा करावा लागतो. तसं न करता दोन फाइलींची तुलना केली, तर ९४ आणि १०२ ची ती जोडी दुसऱ्या फाइलमध्ये सापडणारच नाही, आणि ऑक्सिजनमुळे ती जागा मोकळी झाली असा चुकीचा निष्कर्ष निघेल. पीडीबीवरून जैविक असेंब्लीची (पूर्ण रेणूची) फाइल उतरवा. क्रमांकही तपासून घ्या. जनुकाच्या अहवालात सिकल सेलचा बदल सातव्या जागेवर लिहिलेला असतो, कारण तिथे सुरुवातीचं मेथिओनिन मोजतात. रचनेत तोच सहावा असतो.