भाडेकरार: ११ महिने की ३६?

भाच्याला पुण्यात भाड्याने घर घ्यायचंय. त्याचा प्रश्न: भाडं वाढवण्याआधी मालक किती दिवस सांगतो? लिव्ह अँड लायसन्समध्ये (ठराविक मुदतीसाठी घर फक्त वापरायला देण्याचा करार) मुदत चालू असताना करारात लिहिलेलीच वाढ चालते. म्हणजे खरी नोटीस तो कागदच.

११ महिन्यांचा करार संपला की मालक नवा आकडा सांगायला मोकळा. ३६ मध्ये दरवर्षीची टक्केवारी आधीच ठरवून घेता येते.

खर्च? नोंदणी दोन्हींना सक्तीची (१९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५). पण ११ वाल्याला दरवेळी पुन्हा नोंदणी फी, एजंट, अंगठे. ३६ मध्ये लॉक-इनची (ठरलेल्या काळाआधी घर सोडता येत नाही, या अटीची) ओळ मात्र दोनदा वाचावी, तिथेच लोक अडकतात.

बदलीची नोकरी असेल तर ११. मुलं शाळेत असतील तर ३६.