मारुती 800 ला अल्टोचे टायर: सात महिन्यांनंतर

बाबांची 2003 ची मारुती 800 आता देवरुखला मी चालवते. घराआधीचा शेवटचा अर्धा किलोमीटर जांभ्याचा चढ. मागे दोघं बसले की मधल्या उंचवट्यावर सायलेन्सर खर्रकन घासायचा आणि माझ्या काळजात धस्स व्हायचं.

गाडीच्या टायरचं माप 145/70 आर12: रुंदी 145 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 70 टक्के, रिम 12 इंची. मी घातले 145/80 आर12, म्हणजे अल्टोचे. रिम तीच, रुंदी तीच, टायरची भिंत फक्त साडेचौदा मिलिमीटरने उंच. तेवढीच गाडी वर उचलली जाते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण गणपतीत पाच माणसं आणि मांडीवर मूर्ती घेऊन तो चढ चढलो, सायलेन्सर कुठे टेकला नाही.

याआधी एका दुकानात 13 इंची मॅग व्हील (अलॉयची चाकं) गळ्यात मारायला निघाले होते. घासलं तर मडगार्ड ठोकून देऊ म्हणाले. बाबांच्या गाडीचा पत्रा ठोकायचा? मी तिथून निघालेच. रत्नागिरीच्या दुकानातल्या काकांनी मात्र आधी एकच टायर चढवला, जॅक उतरवला, पोराला बॉनेटवर जोर द्यायला लावला आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आत बोट घालून फट पाहिली. मग बाकीचे. जुन्या रिमचा गंज घासून आत ट्यूब टाकली. ओम्नीचे टायर का नको, तेही समजावलं: ते वजन वाहायचे, कडक, हलकी गाडी त्यावर उडते. टायर कधी बनला ते सांगणारे, त्यावरचे आठवडा आणि वर्षाचे चार आकडे मला स्वतः वाचायला लावले. असा दुकानदार मिळाला तर सोडू नका.

स्टेपनीही त्याच मापाची घ्या. ती पुढे लावली आणि पुढच्या दोन चाकांत लहान-मोठं झालं तर गिअरबॉक्सवर ताण येतो. मी आधी चारच घेणार होते, काकांनी ऐकलं नाही.

तोटे आहेत. चाक मोठं झाल्यामुळे काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 63 च्या पुढे असते. आंबा घाटात जिथे तिसरा गिअर चालायचा तिथे आता दुसरा टाकावा लागतो. आणि गाडी भरलेली असताना पूर्ण वळवून रिव्हर्स घेतली की डावं चाक आत हलकं घासतं. पुढच्या महिन्यात अलाइनमेंटला जाईन तेव्हा काकांना तेवढं दाखवणार आहे.