कोअॅक्सियल की कंपोनंट? गाडीच्या दारातल्या स्पीकरमधून ढोलकी भरीव ऐकू यावी म्हणून

मिड-बास म्हणजे साधारण ८० ते ३०० हर्ट्झ. ढोलकीच्या थापेचं वजन इथलंच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन्ही प्रकार मिळतात. साडेसहा इंची कोअॅक्सियल, म्हणजे वूफर (खालचे सूर) आणि ट्वीटर (वरचे सूर) एकाच स्पीकरमध्ये, स्वस्त, बसवायला सोपा. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरवर किती मोठा वाजतो) ९० डेसिबलच्या वर असेल तर नुसत्या स्टिरिओवरही छान वाजतो. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा, वूफर बहुधा दमदार, पण तो खुलायला बहुधा वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. अॅम्प्लिफायर घेणार नसाल तर माझं मत कोअॅक्सियललाच.

मात्र खरा फरक दार पाडतं. आतल्या पत्र्याची भोकं उघडी राहिली, की स्पीकरच्या कोनच्या (हलणाऱ्या पडद्याच्या) मागचा आवाज पुढच्याला मारतो आणि बास पोकळ होतो. आधी डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट शीट) लावून ती भोकं बुजवा. तळाची पाणी जायची छिद्रं मोकळीच ठेवा, नाहीतर मुंबईच्या पावसात दार आतून गंजेल.